जुना केलेला पाळणा

आमच्या थोरल्या दिरांइतका भित्रा माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा झाला नाही, आणि त्या वर्षांत भिवंडीत भ्यायला कारणं काही कमी नव्हती. सत्तर सालच्या दंगलीत गावाने जे पाहिलं ते मी इथे उगाळत बसत नाही. त्यानंतर बराच काळ कुठे दुकानाचं शटर जोरात पडलं तरी गल्लीतली सगळी माणसं दारात येऊन उभी राहायची. पण बाकीचे लोक काही घडलं की भ्यायचे. दीर आधीच भिऊन ठेवायचे. ते एस.टी.ला भ्यायचे, कारण ती उलटते. रिक्षाला भ्यायचे, कारण ती एस.टी.खाली जाते. पोलिसाला भ्यायचे आणि पोस्टमनला त्याहून जास्त, कारण पोलीस निदान गल्लीतून पुढे निघून जातो, पोस्टमन दारात थांबतो. त्यांचा वरचा पुढचा एक दात नव्हता. कसा गेला विचारलं तर बैलाने पाडला म्हणून सांगायचे. बैल नुसता शिंकला होता. हे पळाले आणि आपल्याच उंबऱ्यावर तोंडघशी पडले.

पण या सगळ्यांपेक्षा जास्त ते कशाला भीत असतील तर कोऱ्या वस्तूला. नव्यावर नजर पडते, जुन्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं. नवा सदरा शिवून आला की आधी तो दगडावर घासायचा, मग चहाच्या पाण्यात बुडवायचा, खिसा उसवून पुन्हा वाकडातिकडा शिवायचा आणि मग अंगात घालायचा. छत्री आणली की पाऊस पडण्याआधी तिला ठिगळ. एका दिवाळीला माझ्या नवऱ्याने त्यांना नव्या चपला आणल्या. त्यांनी त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि नवऱ्यालाच परत दिल्या. म्हणाले, "तू घाल आधी. अंगठा झिजला की दे." त्यांनी लग्न केलं नाही. नवी नवरी हे दोन शब्द एकत्र ऐकूनच त्यांना कापरं भरलं, असं माझा नवरा सगळ्यांना सांगायचा. दीर ते ऐकून हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

अशा माणसाला धंदाही तसाच मिळाला. सुतारकी घरातलीच होती. नवरा ती सोडून पॉवरलूमच्या ड्युटीला लागला आणि निजामपुऱ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत दीर एकटेच रंधा मारत राहिले. मुंबईचा एक शेट त्यांना काम द्यायचा. तो कधी एखादं चित्र आणायचा, कधी मोडक्या खुर्चीचा नुसता पाय, आणि म्हणायचा, याच्यावरून बाकीची खुर्ची करा. इंग्रजांच्या काळातल्या वेताच्या आरामखुर्च्या, नक्षीच्या चौकटीचे आरसे, भिंतीवरच्या घड्याळाची घरं, काठ्या-टोप्या अडकवायचे उभे खांब. सगळं नव्या लाकडाचं, पण दिसायला शंभर वर्षांचं. ज्यांचे आजोबा जमिनीवर बसून जेवले त्यांना म्हणे आता फ्लॅटमध्ये आजोबांची खुर्ची हवी असायची. शेट त्यांना खरं सांगून विकायचा की न सांगता, ते बघायला मी कधी गेले नाही.

लाकडाला म्हातारं करायच्या त्यांच्या तऱ्हा मी रोज बघायची. गंजके खिळे आंबट ताकात ठेवायचे आणि ते काळं पाणी सागवानावर फिरवायचं. कडा साखळीने बडवायच्या. टोच्याने किड्यांची भोकं पाडायची, तीही सरळ रेषेत नाही, कारण किडा रेषेत चालत नाही. कोपऱ्यात मळ हवा असेल तर लूमच्या खालची तेलकट रुई आणून बोटाने दाबायची. आणि सांधे सैल करायचे तर त्यांना हातही लावायला लागायचा नाही. आमच्या भिंतीला लागून शेजारच्या मुसलमान मावशीच्या, आमच्या खालाच्या, घरचे लूम होते. दिवसभर आमची भिंत थरथरायची. ताटं मांडली की आपोआप सरकायची. दीर नवी खुर्ची त्या भिंतीला टेकवून महिनाभर ठेवायचे. मग तिच्यावर बसलं की ती अशी कुरकुरायची, जशी तिच्यावर तीन पिढ्या बसून गेल्या. "लाकूड एकदा म्हातारं झालं की त्याच्या वाटेला कोणी जात नाही," असं म्हणून ते तिच्या पाठीवर थाप मारायचे. म्हणजे खुर्चीच्या पाठीवर.

माझ्याशी ते बोलत नसत. भांडण म्हणून नव्हे. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती. पण एका घरात राहायचं तर बोलणं पडतंच. म्हणून ते हातात जी वस्तू असेल तिच्याशी बोलायचे. "ए आरशा, चहात आज साखर पडलीच नाही वाटतं." मी चुलीकडे तोंड करून म्हणायची, "चुलीबाई, साखर संपलीय, कोणीतरी बाजारात जाऊन आणली तर पडेल." असा आमचा संसार चालला होता. घरात बोलणारी माणसं चार आणि ऐकणाऱ्या वस्तू खोलीभर.

आता पाळण्याचं सांगते. माझी पहिली दोन मुलं गेली. दोघंही तीन महिन्यांची होऊन गेली. कशाने ते तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही. दोघं एकाच पाळण्यात होती, बाजारातून आणलेल्या, लाल-हिरव्या रंगाच्या, कोऱ्या करकरीत. दुसरं गेल्यावर सासूने तो पाळणा खाडीत सोडायला लावला. मला तिसऱ्यांदा दिवस गेले तशी तिने एकच धरलं. "माझे भावाचे घरी जुना पालना हाय. त्यात वाढलेलं एक पोर गेलं न्हाय. त्योच आनायचा." भावाचं गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे. पोर जन्मायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत, पण सांगून तरी ठेवायला हवं होतं. नवऱ्याची शिफ्ट सुटत नव्हती. म्हणून मला सातवा लागला तेव्हा दिरांना एस.टी.त बसवून पाठवलं. जाताना त्यांनी देवाला दोनदा नमस्कार केला. एकदा जायचा, एकदा यायचा.

ते संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा. एस.टी.त बसल्यामुळे असेल असं आम्हाला वाटलं. सासू म्हणाली, "हाय ना पालना?" ते म्हणाले, "आहे. त्यांच्या नातवाला अजून लागतोय. पोर झालं की देतो म्हणाले." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुढच्या खोलीचं दार लावून काम सुरू केलं. शेटचं घाईचं काम आहे म्हणाले. मी पोट सांभाळत घरकाम करायची आणि दाराआडून साखळीने बडवल्याचा आवाज ऐकायची. त्या महिन्यांत मला सगळ्याचीच धास्ती होती. पोटातलं हललं तरी भीती आणि नाही हललं तरी भीती. दीर काय करताहेत त्याचा विचार मी केला नाही.

मुलगी झाली. सासूने तिचं नाव धोंडी ठेवायचं ठरवलं, कारण धोंड्याला कोणी नेत नाही. बारशाच्या आदल्या दिवशी दीर सकाळीच हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घालून बाहेर गेले. शेटचा माल म्हणाले. संध्याकाळी तीच हातगाडी, तेच गोणपाट घेऊन परत आले आणि म्हणाले, पाळणा एस.टी.च्या टपावरून आला. त्यांच्या कानात एस.टी.चं तिकीटसुद्धा खोचलेलं होतं. खाला दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे भाई, सुबह जो गया वही शाम को आया क्या?" दीर म्हणाले, "दूसरा है, खाला. गोणपाट वही है."

पाळणा मात्र बघत राहावं असा होता. काळपट, तेल मुरलेला, कडा हाताने झिजून गोल झालेल्या. एका कोपऱ्यात काजळाचं बोट पुसल्याचा डाग. टांगायचा दोर जिथे घासतो तिथे लाकडात खोल घळ. सासूने त्याला हळद-कुंकू लावलं आणि तोंडाला पदर लावून रडली. म्हणाली, "माझे भावाची सगली पोरं माझे डोल्यांसमोर आली."

बारशाला बायका जमल्या. मी मुलीला पाळण्यात ठेवायला वाकले आणि डाव्या हाताने वरची पट्टी धरली. तिथे दाताच्या खुणा होत्या. दात येणारं पोर उभं राहून पाळण्याची कड चावतं, तशा. माझं बोट त्यांवरून सरकलं आणि थांबलं. लहान पोराला पुढे दोन-चार दात असतात. इथे वरच्या दातांची अख्खी ओळ होती, मोठ्या माणसाची, रुंद. आणि मधोमध एका दाताची जागा गुळगुळीत होती.

मी मान वर केली. दीर दारात उभे होते. त्यांनी हात तोंडावर धरला.

बायका गात होत्या. मी मुलीला ठेवलं, कारण ठेवायला लागतं, आणि नाव ठेवून झाल्याबरोबर उचलून घेतलं. त्यानंतर मी तिला त्या पाळण्यात घालायचीच नाही. मांडीवर, नाहीतर गोधडीवर. सासू विचारायची, "पालन्यात का न्हाय निजवत?" मी म्हणायची, रडते. पाळणा रिकामा राहायचा, पण स्थिर राहायचा नाही. भिंतीपलीकडे लूम चालले की तो आपोआप झुलायचा. रिकामा पाळणा हलू देऊ नये हे मला लहानपणापासून सांगितलेलं. मी जेवता जेवता उठून त्याला धरायची. धरला की हाताला थरथर लागायची, आतमध्ये कोणी असल्यासारखी.

शेवटी एका दुपारी सासू बाहेर गेली होती तेव्हा दीर आरामखुर्चीचा हात घासत म्हणाले, "ए खुर्चे, तिने आईला सांगितलं का विचार."

मी चुलीला म्हटलं, "सांगितलं नाही. पण मामांचा पाळणा कुठे गेला ते मला कळायला हवं."

"गेल्या पावसाळ्यात त्यांनी तो फोडून अंघोळीचं पाणी तापवलं. वाळवी लागली होती." त्यांनी कानस खाली ठेवली. "आईला कुठल्या तोंडाने सांगू? मग केला. तुला काय वाटतं, खुर्चे, कमी जुना झालाय का?"

"जुना झालाय. चावायला दुसरं कोणी मिळालं नाही का?"

त्यांनी खुर्चीच्या हातावरचा भुसा फुंकला. मग खुर्चीला म्हणाले, "दुसऱ्या कोणाला चावायला सांगितलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. मी चुलीला म्हटलं, "चुलीबाई, पोरीला काही झालं तर मी कोणाला विचारू?" पलीकडून कानस पुन्हा चालायला लागली.

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकाच भीतीला बांधलो गेलो. सासू बिनघोर झोपायची, नवरा ड्युटीवर जायचा, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तो पाळणा राखायचो. दीर रोज त्याला आणखी म्हातारा करायचे. एक दिवस खिळ्याचं जुनं भोक, एक दिवस कोणीतरी बांधलेल्या काळ्या दोऱ्याचा घासलेला पट्टा, एक दिवस सांडलेल्या दुधाचा ओघळ. आणि काम झालं की पाळण्यालाच सांगायचे, "आज दहा वर्षं वाढवली." असं करत त्यांनी तो पाळणा पेशव्यांच्या मागे नेऊन ठेवला असेल. मी मुलीला हळूहळू त्यात घालू लागले. कुठवर मांडीवर धरणार, हात भरून यायचे.

तिसरा महिना लागला आणि मुलीला ताप आला.

आधी नुसतं अंग कोमट होतं. मग दूध ओढेना. मग डोळे उघडेना. डॉक्टरांनी औषध दिलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर ठाण्याला न्या. नवरा गाडीची सोय बघायला गेला. सासू देवापुढे बसली ती उठेना. वार शुक्रवार होता, लूमची सुट्टी. आमची भिंत गप्प होती. ज्या आवाजाला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या तो नव्हता, आणि मुलीचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. ऐकू येत होता ते वाईटच होतं. तो थांबला तर तेही ऐकू येणार होतं. पाळणा अगदी स्थिर होता. मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होते आणि माझी नजर फिरून फिरून त्या दातांच्या ओळीवर जात होती.

तेवढ्यात दीर आतल्या खोलीच्या दारात आले. मी त्यांना ओळखलंच नाही. अंगात कोरा पांढराशुभ्र सदरा, घड्या तशाच, दुकानातली चिठ्ठी गळ्याशी लटकलेली. कोरा लेंगा. कोरी टोपी. पायात चपला, इतक्या नव्या की चालताना वाजत होत्या. एवढं सगळं त्यांनी बाजारातून कधी आणलं कोण जाणे. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं नाही, आरशाकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "दार आतून लावून घे. मी बाहेर बसतो."

मी पण चुलीकडे वळले नाही. म्हटलं, "भाऊजी, उन्हात कुठे बसता?"

"उन्हातच बसायला पाहिजे. सावलीत दिसणार नाही."

शेटसाठी केलेली एक खुर्ची होती. कालच पॉलिश झालेली, अजून साखळी लागली नव्हती, आरशासारखी चमकत होती. ती त्यांनी उचलली, भर गल्लीत आमच्या दारासमोर ठेवली आणि तिच्यावर ताठ बसले. तेव्हा मला कळलं. जे काही नव्यावर नजर ठेवून येतं, त्याला दारातच काहीतरी नवं दाखवून अडवायचं होतं.

शुक्रवार म्हणून गल्लीत माणसं होती. मी दाराच्या फटीतून ऐकत होते. एक जण म्हणाला, "काय भाऊ, मुलगी बघायला निघालात काय?" दुसरा म्हणाला, "चिठ्ठी तरी काढा, परत करायचाय वाटतं सदरा." दीर म्हणत होते, "बघा, बघा. नीट बघा." खाला नमाज उरकून बाहेर आली होती. ती म्हणाली, "या अल्ला, भाई, आज क्या ईद है? कितने अच्छे लग रहे हो, माशा..."

"माशाअल्ला मत बोलो, खाला," दीर घाईने म्हणाले. चांगलं म्हणताना तो शब्द जोडला की नजर लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. "आज वैसे ही देखो. जितना देखना है मुझे देखो. अंदर मत देखो."

खालाने आमच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं असेल, मग तिचं स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती समोर बसली. "देख रही हूँ," ती म्हणाली. "बैठो आराम से. कोई पूछेगा तो मैं भी बोलूँगी, इधर देखो."

ऊन कलेपर्यंत ते दोघं तसे बसले होते. एस.टी.ला, पोस्टमनला आणि बैलाच्या शिंकेला भिणारा माणूस भर गल्लीत कोऱ्या कपड्यांत बसून मरणाला इकडे बघ म्हणत होता. मधे मी पाणी द्यायला दार उघडलं तर त्यांनी मागे न बघता हात हलवला, लाव म्हणून. मानेवरून घाम वाहत होता आणि नव्या सदऱ्याची खळ त्यात विरघळत होती.

नवरा गाडी ठरवून आला तेव्हा मुलीने डोळे उघडले होते. अंगाला घाम सुटला होता. ती माझा पदर धरून दूध ओढायला लागली. डॉक्टरांच्या औषधाने ताप उतरला, हे मला कळतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, अगदीच अडाणी नाही. पण त्याच संध्याकाळी दिरांना फणफणून ताप भरला आणि ते अंथरुणावर पडून दात वाजवत मला विचारत होते, "उतरला ना तिचा? नक्की उतरला ना?" मी हो म्हटलं. तेव्हा ते एवढे खूश झाले की मला त्यांची भीती वाटली. व्यवहार झाला असं ते धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी ताप गेला तर थोडे खट्टूच झाले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, आणि प्रत्येक दिवशी कशाला ना कशाला भ्याले. खुर्चीमार्फत बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं. मीही काही बोलले नाही. तेच आम्हाला सोयीचं होतं.

ती चमकती खुर्ची त्यांनी शेटला दिली नाही आणि तिला साखळीही लावली नाही. तिच्यावरच बसायचे. बसून बसून ती आपोआप जुनी झाली.

धोंडी मोठी झाली तसं गल्लीत नाव झालं, की यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा पाळणा आहे, त्यात पोरं जगतात. बायका मागायला येऊ लागल्या. खालाच्या नातवंडांनी तो वापरला, मग पलीकडच्या गल्लीत गेला, मग कुठे कुठे. दर वेळी परत यायचा तेव्हा दीर त्याच्यावरून हात फिरवून बघायचे, कोणी नवा रंग तर नाही ना दिला. सासूला शेवटपर्यंत आम्ही सांगितलं नाही. दीर गेले तेव्हा पाळणा कोणाच्या तरी घरी होता.

आता तो माझ्या खोलीत टांगलेला आहे. त्यात जुनी पांघरुणं ठेवते. वरची पट्टी दोन्ही बाजूंनी चावून चावून करवतीसारखी झाली आहे, खऱ्या पोरांच्या खऱ्या दातांनी. आता कोणाला दाखवला तर शंभर वर्षांचा म्हणून सांगतील, आणि मी काही खोडून काढणार नाही. डोळ्यांनी आता मला नीट दिसत नाही. पण पांघरूण काढायला उठले की हात पट्टीवर जातो, त्या सगळ्या खुणांतून बोट सरकत जातं, आणि एका ठिकाणी, जिथे काहीच नाही, तिथे थांबतं.